एका व्हीपीएनचे रूट दुसऱ्या व्हीपीएनला देताना: पीई राउटरवरचं काम, टप्प्याटप्प्याने

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला सेवादाराच्या रॅकमधल्या हिशेबाच्या सर्व्हरपर्यंत पोचायचं आहे. कारखाना एका व्हीआरएफमध्ये (राउटरवरच्या एका स्वतंत्र रूटिंग टेबलात), सर्व्हर दुसऱ्यात. तिकीट आलं की बहुतेक जण दोन्ही व्हीआरएफमध्ये एकमेकांचा मुख्य आरटी (राउट-टार्गेट, म्हणजे रूट कोणत्या व्हीआरएफमध्ये जाणार हे ठरवणारी खूण) इम्पोर्ट करतात, पिंग सुरू होतं आणि तिकीट बंद होतं. मग दुसऱ्या ग्राहकासाठी तेच, तिसऱ्यासाठीही तेच. काही महिन्यांनी सर्व्हरच्या व्हीआरएफमध्ये कोणाचं काय येतंय याचा हिशेब कोणापाशीच उरत नाही, आणि एका ग्राहकाने पत्ते बदलले की दुसऱ्याचं काम बंद पडतं.

रूट लीक करताना, म्हणजे एका व्हीआरएफचा रूट दुसऱ्याला देताना, मुख्य आरटीला हात लावायचा नाही. लीकसाठी वेगळा आरटी ठेवायचा, निवडक प्रिफिक्सवरच (पत्त्यांच्या गटावरच) तो चिकटवायचा आणि घेणारी बाजू तयार झाल्यावरच देणारी बाजू उघडायची. पुढचे टप्पे याच क्रमाने आहेत. कमांड सिस्को आयओएसच्या वळणाच्या आहेत. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, राउटरवर अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या. आयओएस-एक्सआर (सिस्कोचीच दुसरी प्रणाली) आणि जुनॉसमध्ये (ज्युनिपरच्या राउटरची प्रणाली) जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

उदाहरणाची मांडणी

सेवादाराचा एएस, म्हणजे बीजीपीतला (राउटर एकमेकांना रूट सांगतात त्या प्रोटोकॉलमधला) त्याच्या नेटवर्कचा क्रमांक, ६४५००. पीई म्हणजे ग्राहक ज्याला जोडलेला असतो तो सेवादाराचा राउटर. पीई-१ सात रस्त्याला, लूपबॅक (राउटरचा स्वतःचा कायमचा पत्ता) १०.२५५.०.१. पीई-२ चिंचोळीला, लूपबॅक १०.२५५.०.२. मधे एमपीएलएस (लेबल लावून पॅकेट पुढे नेणारं नेटवर्क) आणि एक रूट रिफ्लेक्टर (एका पीईचे रूट बाकीच्यांना पोचवणारा राउटर).

व्हीआरएफ तीन:

- टॉवेल: कारखाना १०.२०.१.०/२४ पीई-२ वर, नवी पेठेतलं ऑफिस १०.२०.२.०/२४ पीई-१ वर. स्वतःचा आरटी ६४५००:११०.
- डाइंग: अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं रंगाई युनिट १०.३०.४.०/२४, पीई-१ वर. स्वतःचा आरटी ६४५००:१२०.
- सेवा: हिशेबाचा सर्व्हर १०.९०.५.०/२४ आणि व्यवस्थापनाचं नेटवर्क १०.९०.१.०/२४, दोन्ही पीई-१ वर. स्वतःचा आरटी ६४५००:१९०.

टॉवेल आणि डाइंग दोघांनाही सर्व्हर दिसला पाहिजे. एकमेकांना मात्र ते दिसता कामा नयेत. व्यवस्थापनाचं नेटवर्क तर कोणालाच दिसता कामा नये.

## टप्पा १: आधी कागदावर तक्ता

राउटरवर लॉगिन करण्याआधी चार रकान्यांचा तक्ता करा: कोणता प्रिफिक्स, कोणत्या व्हीआरएफमधून, कोणत्या व्हीआरएफमध्ये, कोणत्या पीईवर. प्रत्येक ओळीखाली परतीची ओळही लिहायची. सर्व्हरचा रूट टॉवेलमध्ये गेला, पण कारखान्याचा रूट सेवेत आला नाही, तर पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचतं आणि उत्तर वाटेतच मरतं. अर्धवट लीकच्या तक्रारींचं सगळ्यात सामान्य कारण हेच असतं, आणि ते कागदावर दोन मिनिटांत दिसतं.

टॉवेलसाठी तक्ता असा: १०.९०.५.०/२४ सेवेतून टॉवेलमध्ये, पीई-१ आणि पीई-२ दोन्हीवर. १०.२०.१.०/२४ टॉवेलमधून सेवेत, उगम पीई-२. १०.२०.२.०/२४ टॉवेलमधून सेवेत, उगम पीई-१. म्हणजे टॉवेलसाठी दोन्ही राउटरवर काम करावं लागणार. फक्त पीई-१ वर बदल करून कारखाना का चालत नाही म्हणून डोकं खाजवत बसण्याची वेळ तक्ता न केल्यामुळेच येते.

दोन्ही बाजूंच्या ग्राहकांची लेखी संमती याच टप्प्यावर घ्या. व्हीआरएफ वेगळे असतात ते एकमेकांपासून सुरक्षित राहण्यासाठी, आणि लीक म्हणजे त्या भिंतीला पाडलेली खिडकी. मधे फायरवॉल नसेल तर खिडकीतून काय जायचं हे राउटर ठरवत नाही.

कामाची वेळही आत्ताच ठरवा. हिशेबाचा सर्व्हर असेल तर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास हात लावू नका, दरमहा जीएसटी विवरणं भरणाऱ्यांच्या त्या मुदती असतात. संक्रांतीच्या दिवसांत गड्डा यात्रेमुळे होम मैदान आणि पार्क चौकाच्या बाजूला गाडी नेणं अवघड होतं. राउटरवर प्रत्यक्ष जाऊन कन्सोल लावायची वेळ आली तर माणूस पोचेल असा दिवस निवडा.

## टप्पा २: पत्ते एकमेकांवर चढतात का

दोन्ही व्हीआरएफची पूर्ण रूट यादी काढून शेजारी शेजारी ठेवा:

शो आयपी रूट व्हीआरएफ टॉवेल
शो आयपी रूट व्हीआरएफ सेवा

आरडीमुळे (पत्त्यापुढे लागणारा वेगळेपणाचा क्रमांक, टप्पा ३ बघा) सारखे पत्ते बीजीपीत वेगळे राहतात खरे, पण लीक झाल्यावर दोन्ही एकाच टेबलात येतात, आणि तिथे आरडी वाचवायला येत नाही. दुकानं आणि छोटे कारखाने बहुतेक १९२.१६८.१.०/२४ वरच असतात, तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या येणारच. पत्ते चढत असतील तर लीक करू नका. ग्राहकाच्या सीई राउटरवर किंवा फायरवॉलवर नॅट (पत्त्यांचं भाषांतर) करून घ्या आणि नॅटनंतरचा प्रिफिक्स तक्त्यात लिहा.

मोठ्या प्रिफिक्सच्या पोटातला छोटा प्रिफिक्सही नीट बघा. टॉवेलने १०.०.०.०/८ चा एकच स्टॅटिक रूट टाकून ठेवला असेल आणि तो लीक झाला, तर सेवेतल्या ज्या १० च्या पत्त्याला जास्त नेमका रूट नाही, त्याचा सगळा ट्रॅफिक टॉवेलकडे वळेल.

तपासा: दोन्ही याद्यांत एकही सारखा किंवा पोटातला प्रिफिक्स नाही. असेल तर तो लीकच्या यादीत नाही.

## टप्पा ३: आरडी तसाच, आरटी नवे

आरडी आणि आरटी दिसायला सारखे असतात म्हणून गल्लत होते. आरडी ८ बाइटचा असतो. तो ४ बाइटच्या आयपीव्ही४ पत्त्यापुढे लागतो आणि १२ बाइटचा व्हीपीएनव्ही४ पत्ता तयार होतो. त्याचं काम एवढंच की रूट एकमेव राहावा. रूट कुठे जाणार याच्याशी आरडीचा संबंध नाही. ते ठरवतो आरटी, आणि आरटी म्हणजे रूटला चिकटवलेली एक्सटेंडेड कम्युनिटी. एका रूटवर असे कितीही आरटी असू शकतात. लीकिंगचं सगळं तंत्र या एका गोष्टीवर उभं आहे.

> सावधान: चालू व्हीआरएफचा आरडी लीकसाठी कधीही बदलू नका. त्या व्हीआरएफचे सगळे रूट मागे घेतले जातात आणि नव्याने जाहीर होतात. आयओएसमध्ये आरडी काढला तर बीजीपीखालचं त्या व्हीआरएफचं कॉन्फिगही उडू शकतं.

आरडी प्रत्येक पीईवर वेगळा ठेवलेला चांगला: पीई-१ वर टॉवेलचा १०.२५५.०.१:११०, पीई-२ वर १०.२५५.०.२:११०. ग्राहक दोन पीईंना जोडलेला असेल आणि आरडी एकच असेल, तर रूट रिफ्लेक्टर दोन्हीतला एकच सर्वोत्तम निवडून पुढे पाठवतो आणि दुसरा रस्ता कोणाला दिसतच नाही.

आता लीकचे दोन नवे आरटी:

- ६४५००:९१९०: सेवेकडून ग्राहकांना द्यायचे रूट
- ६४५००:९१००: ग्राहकांकडून सेवेला द्यायचे रूट

ग्राहक ९१९० घेतात आणि ९१०० चिकटवतात. सेवा ९१०० घेते आणि ९१९० चिकटवते. कोणताही ग्राहक ९१०० इम्पोर्ट करत नाही, म्हणून ग्राहक एकमेकांना दिसत नाहीत. उद्या पंढरपूरचा किंवा बार्शीचा पाचवा ग्राहक आला तरी सेवेच्या आरटीत काही बदलावं लागत नाही, फक्त त्याचे प्रिफिक्स सेवेच्या गाळणीत वाढवायचे. दोनच ग्राहकांना आपसात जोडायचं असेल तर त्या जोडीसाठी आणखी दोन वेगळे आरटी काढा, यात काटकसर करू नका.

## टप्पा ४: रूट बीजीपीत आहे का

आरटी बीजीपीच्या रूटला चिकटतो. रूट नुसता व्हीआरएफच्या रूटिंग टेबलात असून भागत नाही. सीई बरोबर स्टॅटिक रूट असेल किंवा लॅन थेट पीईला जोडलेली असेल, तर बीजीपीखाली त्या व्हीआरएफच्या ॲड्रेस-फॅमिलीत रीडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक किंवा रीडिस्ट्रिब्यूट कनेक्टेड (टेबलातले रूट बीजीपीत घालणाऱ्या कमांड) लागतंच. दोन्ही व्हीआरएफ एकाच राउटरवर असले तरीही लागतं. मधे एकही बीजीपी शेजारी नसला तरी आयओएसमध्ये ही देवाणघेवाण बीजीपीच्या टेबलातूनच होते.

शो बीजीपी व्हीपीएनव्ही४ युनिकास्ट व्हीआरएफ टॉवेल १०.२०.१.०

हे पीई-२ वर चालवा. रूट दिसला पाहिजे, त्यावर ‘बेस्ट’ असलं पाहिजे आणि एक्सटेंडेड कम्युनिटीच्या ओळीत आरटी:६४५००:११० असला पाहिजे. इथे रूट नसेल तर पुढे जाऊ नका. पुढचे टप्पे कितीही अचूक केले तरी उपयोग होणार नाही.

## टप्पा ५: परतीची वाट बांधा, मग गाळण्या लिहा

दोन्ही राउटरचं चालू कॉन्फिग बाहेर कॉपी करा. टप्पा २ आणि ४ मधल्या कमांडचं आउटपुटही जपून ठेवा, नंतर तुलनेला तेच कामाला येतं. आयओएसवर आर्काइव्ह चालू असेल तर कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टाइमर १० ने शिरा: १० मिनिटांत कॉन्फिगर कन्फर्म दिलं नाही तर राउटर जुन्या कॉन्फिगवर परत येतो. एक्सआर आणि जुनॉसवर कमिट कन्फर्म्ड वापरा.

गाळण्यांचा क्रम पक्का: आधी प्रिफिक्स-लिस्ट (प्रिफिक्सची यादी), मग रूट-मॅप (कोणत्या रूटचं काय करायचं ती कलमं), आणि रूट-मॅप व्हीआरएफला जोडणं सगळ्यात शेवटी. उलट केलं तर आयओएसमध्ये एक धोका आहे. रूट-मॅपमध्ये अस्तित्वात नसलेल्या प्रिफिक्स-लिस्टचं नाव असेल तर त्या ओळीला सगळेच रूट जुळतात. नावात एका अक्षराची चूक झाली तरी परिणाम तोच.

पीई-२ वर टॉवेलसाठी:

आयपी प्रिफिक्स-लिस्ट टॉवेल-बाहेर सीक्वेन्स १० परमिट १०.२०.१.०/२४

पीई-१ वर तीच यादी १०.२०.२.०/२४ साठी. सेवेसाठी पीई-१ वर:

आयपी प्रिफिक्स-लिस्ट सेवा-बाहेर सीक्वेन्स १० परमिट १०.९०.५.०/२४
आयपी प्रिफिक्स-लिस्ट ग्राहक-आत सीक्वेन्स १० परमिट १०.२०.०.०/१६ एलई २४
आयपी प्रिफिक्स-लिस्ट ग्राहक-आत सीक्वेन्स २० परमिट १०.३०.४.०/२४

शेवटच्या दोन ओळींतला फरक बघा. १०.२०.०.०/१६ एवढंच लिहिलं तर फक्त नेमका /१६ जुळतो, पोटातले /२४ जुळत नाहीत. ते हवे असतील तर एलई २४ लागतं. एलई ३२ लिहिण्याचा मोह टाळा, नाहीतर ग्राहकाने उद्या पाचशे /३२ टाकले तर तेही आत येतील.

पीई आणि सीई यांच्यातले /३० लिंक लीक करू नका. त्यांची गरज नसते, आणि वेगवेगळ्या ग्राहकांना तेच लिंक पत्ते दिलेले असण्याची शक्यता बरीच असते.

## टप्पा ६: घेणारी बाजू

टॉवेलच्या व्हीआरएफमध्ये, दोन्ही पीईवर, ॲड्रेस-फॅमिली आयपीव्ही४ खाली:

राउट-टार्गेट इम्पोर्ट ६४५००:९१९०

डाइंगमध्ये पीई-१ वर तेच. सेवेत:

राउट-टार्गेट इम्पोर्ट ६४५००:९१००

आत्ता काहीच घडणार नाही, कारण या आरटीचा एकही रूट अजून बाहेर पडलेला नाही. घेणारी बाजू आधी करण्याचा फायदाच हा की चूक झाली तर ती शांतपणे पकडता येते.

सेवेत अनेक ग्राहक येणार असल्यामुळे तिथे इम्पोर्ट मॅप लावाच. तो कसा लावायचा, इथेच पुष्कळ जण फसतात. इम्पोर्ट मॅप फक्त लीक होऊन येणाऱ्या रूटना लागत नाही. आरटी जुळून आत येणाऱ्या सगळ्या रूटना तो लागतो, स्वतःच्या मुख्य आरटीने दुसऱ्या पीईवरून येणाऱ्यांनाही. रूट-मॅपच्या शेवटी न लिहिलेला डिनाय असतोच. म्हणून पहिलं कलम स्वतःच्या आरटीचं असलं पाहिजे:

आयपी एक्स्टकम्युनिटी-लिस्ट स्टँडर्ड सेवा-स्वतः परमिट आरटी ६४५००:१९०
रूट-मॅप सेवा-इम्पोर्ट परमिट १०
मॅच एक्स्टकम्युनिटी सेवा-स्वतः
रूट-मॅप सेवा-इम्पोर्ट परमिट २०
मॅच आयपी ॲड्रेस प्रिफिक्स-लिस्ट ग्राहक-आत

मग व्हीआरएफखाली: इम्पोर्ट मॅप सेवा-इम्पोर्ट.

लक्षात ठेवा की इम्पोर्ट मॅप आरटीची जागा घेत नाही. आरटी जुळला पाहिजे आणि मॅपनेही परवानगी दिली पाहिजे.

मर्यादाही इथेच घाला. सेवेच्या ॲड्रेस-फॅमिलीखाली मॅक्सिमम रूट्स २०० ८० लिहिलं तर १६० रूटना इशारा येतो आणि २०० नंतरचे नवे रूट नाकारले जातात. आकडा ठरवताना व्हीआरएफचे स्वतःचे आणि लीक होऊन येणारे मिळून मोजा, वर थोडी वाढीला जागा ठेवा.

तपासा: सेवा आणि टॉवेल दोन्हीची रूटसंख्या टप्पा २ मध्ये होती तेवढीच आहे. एक जरी कमी झाला असेल तर इम्पोर्ट मॅपचं पहिलं कलम चुकलं आहे.

## टप्पा ७: देणारी बाजू

पीई-२ वर:

रूट-मॅप टॉवेल-एक्सपोर्ट परमिट १०
मॅच आयपी ॲड्रेस प्रिफिक्स-लिस्ट टॉवेल-बाहेर
सेट एक्स्टकम्युनिटी आरटी ६४५००:९१०० ॲडिटिव्ह

आणि व्हीआरएफखाली: एक्सपोर्ट मॅप टॉवेल-एक्सपोर्ट.

> सावधान: ‘ॲडिटिव्ह’ हा एक शब्द सुटला तर नवा आरटी जुन्याची जागा घेतो. १०.२०.१.०/२४ वर फक्त ९१०० उरतो, ११० जातो, आणि नवी पेठेतल्या ऑफिसला स्वतःचा कारखाना दिसेनासा होतो. सर्व्हरचं पिंग मात्र झकास चालतं, त्यामुळे बदल करणाऱ्याला काही बिघडलंय हे कळतही नाही. सबंध कामातली सगळ्यात महाग चूक हीच.

जुनॉसमध्ये हीच चूक दुसऱ्या रूपात भेटते. व्हीआरएफ-एक्सपोर्ट पॉलिसी लावली की साध्या व्हीआरएफ-टार्गेटचं एक्सपोर्ट गळून पडतं. मग पॉलिसीत दोन्ही आरटी ‘कम्युनिटी ॲड’ ने हाताने लिहावे लागतात. ‘कम्युनिटी सेट’ लिहिलं तर आधीच्या कम्युनिटी पुसल्या जातात. व्हीआरएफ-इम्पोर्ट पॉलिसीचंही तसंच, स्वतःचा मुख्य आरटी तिच्यात स्वीकारायला विसरू नका. एक्सआरमध्ये रूट-पॉलिसीचा शेवट ड्रॉपने होतो, तेव्हा लीक न होणाऱ्या रूटसाठी ‘पास’ लिहायला विसरू नका.

आयओएसच्या एक्सपोर्ट मॅपकडून गाळणीची अपेक्षा ठेवू नका. त्याचं काम आरटी चिकटवण्याचं. व्हीआरएफचा मुख्य एक्सपोर्ट आरटी आहे तोवर मॅपला न जुळलेले रूट त्या मुख्य आरटीने बाहेर जातच राहतात, आणि ते तसंच हवंही आहे.

आता पीई-१ वर टॉवेलच्या ऑफिससाठी, डाइंगसाठी आणि शेवटी सेवेसाठी. सेवेच्या एक्सपोर्ट मॅपमध्ये सेवा-बाहेर यादी आणि ६४५००:९१९० ॲडिटिव्ह. सेवा शेवटी ठेवण्याचं कारण: तिचा एक रूट एकदम सगळ्या ग्राहकांत जातो.

डाइंग आणि सेवा एकाच पीईवर आहेत. आयओएस आणि एक्सआरमध्ये त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. जुनॉसमध्ये मात्र एकाच राउटरवरच्या दोन व्हीआरएफमध्ये रूट जायला दोन्हींच्या राउटिंग-ऑप्शन्सखाली ऑटो-एक्सपोर्ट लागतं. ते नसेल तर दूरचे ग्राहक चालतात आणि त्याच राउटरवरचा चालत नाही, असं विचित्र चित्र दिसतं.

## टप्पा ८: एका रूटचा प्रवास बघा

पिंगने सुरुवात करू नका. पिंग अडलं तर कुठे अडलं ते सांगत नाही. १०.२०.१.०/२४ हा एकच रूट धरा आणि उगमापासून चालत या.

पीई-२ वर, टॉवेलमध्ये: एक्सटेंडेड कम्युनिटीच्या ओळीत आता दोन आरटी हवेत, आरटी:६४५००:११० आणि आरटी:६४५००:९१००. एकच असेल तर ॲडिटिव्ह किंवा प्रिफिक्स-लिस्ट तपासा.

पीई-१ वर, सेवेत:

शो बीजीपी व्हीपीएनव्ही४ युनिकास्ट व्हीआरएफ सेवा १०.२०.१.०

इथे ‘इम्पोर्टेड पाथ फ्रॉम १०.२५५.०.२:११०:१०.२०.१.०/२४’ अशा अर्थाची ओळ दिसली पाहिजे. त्यातला आरडी पीई-२ चा, म्हणजे रूट खरोखर कारखान्यातून आला. नेक्स्ट-हॉप १०.२५५.०.२ आणि एक व्हीपीएन लेबलही हवं. रूट आहे पण ‘बेस्ट’ नाही आणि नेक्स्ट-हॉप इनॲक्सेसिबल दिसतंय, तर प्रश्न लीकचा नाही. लूपबॅकचा रूट आयजीपीत (सेवादाराच्या आतल्या रूटिंग प्रोटोकॉलमध्ये) आहे का ते बघा. रूट बेस्ट असून पॅकेट मधेच हरवत असेल तर लूपबॅकपर्यंतचं एमपीएलएस लेबल बघा. जुनॉसमध्ये हा रूट ‘हिडन’ दिसतो, तेव्हा आयनेट.३ (एमपीएलएस रस्त्यांचं) टेबल उघडा.

मग शो आयपी सेफ व्हीआरएफ सेवा १०.२०.१.१० ने (‘सेफ’ची रोमन अक्षरं सी-ई-एफ) प्रत्यक्ष पॅकेट कुठल्या लेबलने आणि कुठल्या इंटरफेसने जाणार ते बघा. बीजीपीत रूट असूनही इथे वेगळं उत्तर आलं तर कोणता तरी स्टॅटिक रूट मधे आहे.

रूट लगेच दिसला नाही तर लगेच कॉन्फिग उपसू नका. नवा इम्पोर्ट आरटी टाकल्यावर पीई रूट रिफ्लेक्टरकडे रूट रिफ्रेश मागतो, कारण ज्यांचा आरटी कुठेच लागत नव्हता ते रूट त्याने आधी टाकून दिलेले असतात. जुन्या आयओएसमध्ये इम्पोर्टचं काम दर १५ सेकंदांनी होतं. अर्धा मिनिट थांबा.

आता पिंग, तेही योग्य जागेवरून. पीईवरून नुसतं पिंग व्हीआरएफ टॉवेल १०.९०.५.१० दिलं तर सोर्स म्हणून पीई-सीई लिंकचा पत्ता जातो. तो /३० आपण मुद्दाम लीक केलेला नाही, म्हणून उत्तर परत येणार नाही, आणि लीक चाललं नाही असा चुकीचा निष्कर्ष निघेल. सीईवरून लॅनचा सोर्स देऊन पिंग करा, किंवा कारखान्यातल्या संगणकावरूनच. ट्रेसरूटमध्ये मधल्या टप्प्यांवर तारे दिसले तरी याच कारणाने घाबरायचं नाही.

उलटी तपासणीही करा, ही बहुतेक जण करत नाहीत:

- टॉवेलमध्ये १०.३०.४.० शोधा: मिळता कामा नये.
- डाइंगमध्ये १०.२०.१.० शोधा: मिळता कामा नये.
- दोन्हींत १०.९०.१.० शोधा: मिळता कामा नये.
- नवी पेठेतून कारखान्याला पिंग करा: पूर्वीसारखंच चाललं पाहिजे.

सगळं जुळलं तरच कॉन्फिगर कन्फर्म द्या आणि कॉन्फिग सेव्ह करा.

## टप्पा ९: सीई पर्यंत रूट पोचला का

पीईच्या टेबलात रूट आला म्हणजे ग्राहकाला मिळाला असं नाही. सीईवर पीईकडे डीफॉल्ट रूट असेल तर प्रश्नच नाही. बीजीपी असेल तर तीन गोष्टी बघा: पीईवर त्या शेजाऱ्याला लावलेली आउट गाळणी, सीईवरची इन गाळणी, आणि एएस क्रमांक. ओएसपीएफ असेल तर बीजीपीतून ओएसपीएफमध्ये रीडिस्ट्रिब्यूट आहे का ते.

एएस क्रमांकाची अडचण लीकमुळेच उगवते. बऱ्याच ग्राहकांना सेवादाराने तोच खासगी एएस, समजा ६५००१, दिलेला असतो. व्हीआरएफ वेगळे असेपर्यंत काहीच अडत नाही. दोघांना आपसात जोडलं की एकाचा रूट दुसऱ्याच्या सीईवर ६४५०० ६५००१ असा पाथ घेऊन जातो. सीईला पाथमध्ये स्वतःचाच एएस दिसतो आणि तो रूट गुपचूप टाकून देतो. पीईवर सगळं हिरवं, सीईवर रूट नाही. उपाय: पीईवर त्या शेजाऱ्याला एएस-ओव्हरराइड (पाथमधल्या ग्राहकाच्या एएसच्या जागी सेवादाराचा टाकणं). मात्र ग्राहकाच्या साइट दोन रस्त्यांनी जोडलेल्या असतील तर एएस-ओव्हरराइडमुळे लूप ओळखायची खूणच पुसली जाते, तेव्हा साइट-ऑफ-ओरिजिनही (रूट कोणत्या साइटवरून आला ती खूण) लावा.

## वारंवार होणाऱ्या आणखी तीन चुका

लीक झालेला रूट पुढे लीक करू पाहणं. सेवेत आलेला टॉवेलचा रूट सेवेच्या एक्सपोर्ट मॅपने तिसऱ्या व्हीआरएफला मिळेल असं समजून तासन् तास जातात. आयओएसमध्ये इम्पोर्ट झालेला रूट पुन्हा एक्सपोर्ट होत नाही. तिसऱ्याला हवा असेल तर उगमाच्या पीईवरच त्याला आणखी एक आरटी चिकटवा.

सेवेतून डीफॉल्ट रूट देणं. ‘एकेक प्रिफिक्स कशाला, ०.०.०.०/० च देऊ’ ही सूचना हमखास येते. धोका असा: डीफॉल्टमुळे टॉवेलमधलं १०.३०.४.१० कडे जाणारं पॅकेटही सेवेकडे जातं. सेवेच्या पीईवर प्रति-व्हीआरएफ लेबल असेल, जुनॉसमध्ये व्हीआरएफ-टेबल-लेबल, तर तिथे सेवेच्या टेबलात पुन्हा शोध होतो. त्या टेबलात डाइंगचा रूट आहेच. पॅकेट डाइंगमध्ये पोचतं. उलट दिशेलाही तसंच. आरटीने उभी केलेली भिंत डेटाच्या रस्त्यावर उरतच नाही, आणि रूट टेबल तपासून हे कधीच दिसत नाही. इंटरनेटसाठी डीफॉल्ट द्यायचा असेल तर तो वेगळ्या व्हीआरएफमधून, फायरवॉलमार्गे द्या.

ग्लोबल टेबलातून आणताना आरटी शोधत बसणं. ग्लोबल टेबलातल्या (कोणत्याही व्हीआरएफमध्ये नसलेल्या, राउटरच्या मूळ टेबलातल्या) रूटना आरटी नसतो. तिथे आयओएसमध्ये इम्पोर्ट आयपीव्ही४ युनिकास्ट मॅप वापरतात, आणि त्याची मूळ मर्यादा १००० प्रिफिक्सची असते. मॅपमध्ये नेमके प्रिफिक्स लिहा, मर्यादा वाढवून प्रश्न सोडवू नका.

## लीक काढायचं असेल तर

क्रम उलटा. आधी देणाऱ्या बाजूच्या प्रिफिक्स-लिस्टमधून ओळ काढू नका: ती शेवटचीच ओळ असेल तर यादीच नाहीशी होते, आणि टप्पा ५ मधला धोका अंगावर येऊन टॉवेलचे सगळे रूट ९१०० घेऊन बाहेर पडतात. आधी व्हीआरएफखालचा एक्सपोर्ट मॅप काढा, घेणाऱ्या व्हीआरएफमधून रूट गेल्याची खात्री करा, मग इम्पोर्ट आरटी काढा, त्यानंतर रूट-मॅप आणि सगळ्यात शेवटी प्रिफिक्स-लिस्ट. टप्पा १ च्या तक्त्यातली ओळही त्याच दिवशी, तारीख घालून खोडा.